फुटक्या बांगडीसारखं ते काय आहे? मध्ययुगीन संतचित्रांतल्या वस्तू कशा वाचाव्यात

कलाशाळेत शिकणाऱ्या एका वाचकाने पंधराव्या शतकातल्या एका युरोपीय रेखाचित्राच्या छापील पानाचा फोटो पाठवला आहे. मुकुट घातलेली एक स्त्री उभी आहे, डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात टोक खाली केलेली तलवार. पायाशी ‘फुटक्या बांगडीसारखं, दाते असलेलं काहीतरी’ आणि झग्याच्या काठाखालून डोकावणारा एक दाढीवाला माणूस. प्रश्न तीन आहेत: ही कोण? तिच्या वस्तू आपल्या देवांच्या आयुधांसारख्याच समजायच्या का? आणि कोणत्या वस्तूवरून कोणता संत, अशी एखादी यादी मिळेल का?

पहिलं उत्तर लगेच देते. ही अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. तुम्हाला बांगडी वाटली ती मोडलेल्या चाकाची धाव आहे, आणि ते दाते म्हणजे धावेवर बसवलेली पाती. कथा अशी, की कॅथरिन राजकन्या होती आणि विदुषी होती. सम्राट मॅक्सेन्शियसने तिला वादात हरवायला पन्नास पंडित बोलावले. तिने त्या पन्नासांनाच आपल्या धर्मात आणलं. मग तिला फाडून काढण्यासाठी पात्यांची चाकं तयार झाली, पण देवदूताने ती मोडून टाकली. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. आता पुन्हा चित्र पाहा. मुकुट राजकन्येचा, पुस्तक वादातल्या विजयाचं, चाक फसलेल्या छळाचं, तलवार खऱ्या मृत्यूची, आणि पायाखालचा दाढीवाला म्हणजे तो सम्राट. पाच वस्तूंत सगळं चरित्र आलं. ते अशा क्रमाने वाचता आलं की नाव पाठ करावं लागत नाही.

आयुधांची तुलना तुमच्या मनात आली ते अगदी साहजिक आहे, आणि ती काही अंतरापर्यंत उपयोगी पडते. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा, पद्म यांचा क्रम बदलला की केशवाचा नारायण होतो, नारायणाचा माधव होतो. चोवीस मूर्ती ओळखायच्या त्या हातांवरूनच. चेहरा सगळ्यांचा सारखाच. युरोपातही तेच होतं. तिथल्या चित्रकाराला संताचा खरा चेहरा ठाऊक नव्हता आणि कोणी त्याच्याकडून तशी अपेक्षाही करत नव्हतं. जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये १४९३ साली छापलेल्या जगाच्या इतिहासाच्या मोठ्या ग्रंथात १८०० हून जास्त चित्रं आहेत, पण लाकडी ठसे सुमारे साडेसहाशेच. एकच चेहरा कधी या राजाचा, कधी त्या विद्वानाचा. अशा जगात नाव सांगायचं काम वस्तूलाच करावं लागतं.

पण एक मोठा फरक लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चक्र ही विष्णूची शक्ती आहे, त्याने ते शत्रूवर सोडलेलं आहे. कॅथरिनच्या हातातली तलवार तिने कधी चालवली नाही. ती तिच्यावर चालली. लॉरेन्स ज्या लोखंडी जाळीवर भाजला गेला तीच जाळी घेऊन उभा असतो. अपोलोनियाचे दात काढले, म्हणून तिच्या हातात पक्कड आणि पकडीत एक दात. बर्थलमयाची कातडी सोलली, म्हणून त्याच्याकडे सुरी. मारणाऱ्याचं हत्यार मेलेल्याच्या हातात आलं आहे, आणि त्याने ते किती शांतपणे, जवळजवळ प्रेमाने धरलंय ते बघा. मी इतकी वर्षं कागदावरच्या जुन्या चित्रांच्या नोंदी करते आहे, तरी चांगल्या चित्रकाराने काढलेली ती बोटांची पकड दिसली की थांबतेच. सुरीच्या मुठीवर बर्थलमयाची बोटं अशी असतात की वाटावं, एखाद्या कारागिराने आपलं रोजचं हत्यार धरलंय.

आणि पुढे लोकांनी तसंच मानलं. सुरीमुळे बर्थलमय कातडी कमावणाऱ्यांचा पाठीराखा झाला, चाकामुळे कॅथरिन चाकं घडवणाऱ्यांची, जाळीमुळे लॉरेन्स स्वयंपाक्यांचा. दातदुखीने हैराण झालेला माणूस अपोलोनियाला हाक मारायचा. म्हणून चित्रात वस्तू ठळक, समोर, नीट दिसेल अशी काढलेली असते. ज्याला ते चित्र हवं होतं, त्याचं काम त्या वस्तूशीच होतं.

आता यादीबद्दल. याद्या मिळतात, आणि सुरुवातीला एक जवळ ठेवायला हरकत नाही. जर्मन भाषिक प्रदेशात मुलांना एक यमक शिकवत, त्याचा अर्थ असा: मार्गारेटजवळ सरपटणारा राक्षस, बार्बराजवळ बुरूज, कॅथरिनजवळ चाक, या तीन पवित्र पोरी. चौथी डोरोथी, फुलांची टोपली घेतलेली. या चौघींच्या जोडीला पेत्राची किल्ली, पौलाची तलवार, अंद्रियाचा फुलीसारखा क्रूस, थोरल्या याकोबाचा शिंपला आणि यात्रेकरूची काठी, सेबास्टियनचे बाण, मग्दालिया मरियेची सुगंधी तेलाची कुपी, अॅग्नेसचं कोकरू एवढं लक्षात ठेवलंत, तरी पंधराव्या शतकातली बरीच चित्रं ओळखता येतील. अॅग्नेसचं कोकरू कथेतून कमी आणि नावातून जास्त आलं: लॅटिनमध्ये कोकराला ‘अग्नुस’ म्हणतात. लुसीच्या थाळीतल्या डोळ्यांच्या मागेही तिच्या नावातला ‘प्रकाश’ आहे.

पण यादी नेमकी तिथे दगा देते जिथे तुम्हाला तिची सगळ्यात जास्त गरज असते. तलवार पौलाकडे आहे, कॅथरिनकडे आहे, आणि शिरच्छेद झालेल्या आणखी कितीतरी जणांकडे आहे. पुस्तक तर जवळजवळ सगळ्यांकडे. कोकरू अॅग्नेसपाशी आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापाशीही. कपाळाच्या शिंगांमध्ये क्रूस असलेलं हरिण दिसलं की युस्टेस की ह्युबर्ट, हा वाद कधीकधी मिटतच नाही, कारण ती कथाच एकाकडून दुसऱ्याकडे गेली आहे. जेरोमचा सिंहसुद्धा मुळात गेरासिमस नावाच्या दुसऱ्याच साधूचा. नावं जवळची, म्हणून सिंह इकडे आला आणि इथेच राहिला.

माझीच एक चूक सांगते, म्हणजे मुद्दा लक्षात राहील. सुरुवातीच्या वर्षांत एका संग्रहात नोंदींचं काम करताना माझ्यापुढे पेनाने काढलेलं एक छोटं चित्र आलं. स्त्री, आणि पायाशी ड्रॅगन. मी ‘संत मार्गारेट’ असं लिहून पुढचं पान घेतलं. कार्ड तसंच कितीतरी वर्षं राहिलं. मग हाताखाली शिकायला आलेल्या एका मुलीने विचारलं, ‘ताई, हिच्या हातात बादली कशाला आहे?’ भिंगाखाली पाहिलं तर खरंच, मनगटाच्या आड एक लहानशी बादली आणि तिच्यात शिंपडायचा कुंचला. पवित्र पाण्याची बादली. म्हणजे ही मार्था: दक्षिण फ्रान्समधल्या तारास्कोंच्या राक्षसावर जिने पाणी शिंपडलं आणि आपल्या कमरपट्ट्याने त्याला बांधून नेलं. मार्गारेटची कथा वेगळी. तिला ड्रॅगनने गिळलं आणि हातातल्या क्रूसाच्या बळावर ती त्याचं पोट फाडून बाहेर आली. म्हणून जाणकार चित्रकार ती ड्रॅगनच्या पाठीतून वर येताना काढतात आणि त्याच वेळी तिच्या झग्याचं टोक ड्रॅगनच्या तोंडातून लोंबत असतं. अजून गिळणं पुरं झालेलं नाही आणि सुटका झालीसुद्धा! बाळंतपणात बायका तिचा धावा का करत, हे त्या एका लोंबत्या टोकात कळतं. माझ्या चित्रातल्या ड्रॅगनच्या तोंडात झग्याचं टोक नव्हतंच. ते मी पाहायलाच हवं होतं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे की वस्तूचं नाव लिहिण्याआधी ती वस्तू काय करते आहे ते लिहायचं. ‘ड्रॅगन’ असं लिहायचं नाही. ‘दोरीने बांधलेला ड्रॅगन, तोंड मिटलेलं’ असं लिहायचं. ‘चाक’ नव्हे, ‘मोडलेलं चाक, पाती बाहेरच्या बाजूला’. मग कपडे: मुकुट, बिशपची टोपी, साधूचा झगा, चिलखत की अनवाणी पाय. आणि मग पायाखाली काय आहे. नवशिक्यांची नजर हातांवर थांबते, पण पायाखालचा माणूस किंवा प्राणी बहुतेक वेळा निकाल देऊन जातो. तुमच्या चित्रातही त्या दाढीवाल्याने तेच केलं. तलवार-पुस्तक एवढंच असतं, तर नावावर पैज लावायला मी तयार झाले नसते.

उजव्या-डाव्या हाताला मात्र फार महत्त्व देऊ नका. विष्णूच्या बाबतीत हात बदलला की नाव बदलतं, इथे तसं नाही. त्यात छापील चित्रांची वाट अशी, की एका कोरक्याने दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून तांब्यावर जसंच्या तसं कोरलं की छाप उलटा येतो. पंधराव्या शतकातल्या मार्टिन शोनगाउअर या जर्मन कोरक्याने बारा प्रेषितांची, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांची, मालिका कोरली, तिच्यावरून इतरांनी नकला केल्या. अशा नकलांमध्ये डावखुरे प्रेषित भेटतात. त्यात काही गूढ नाही.

आता एक चित्र जरा जवळून पाहू, कारण वस्तू नुसती ओळखचिठ्ठी असते असा समज झाला तर ते चुकेल. यान व्हॅन आइक या फ्लेमिश चित्रकाराची संत बार्बरा, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या संग्रहालयात आहे. जेमतेम एक फूट उंचीची लाकडी फळी, तिच्यावर पांढऱ्या खडूचा लेप, आणि त्यावर केसासारख्या बारीक रेषांनी केलेलं काम. वरच्या आकाशाला थोडा रंग, बाकी सगळं रेखाटन. हे अपुरं राहिलेलं रंगचित्र की मुळातच पुरं झालेलं रेखाचित्र, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मी दुसऱ्या बाजूची, कारण संगमरवरासारखी रंगवलेली चौकट मूळचीच आहे आणि तिच्यावर त्याने नाव आणि साल घातलंय: ‘योहान व्हॅन आइकने मला घडवलं, १४३७’. अर्धवट कामावर माणूस अशी सही करेल असं मला वाटत नाही.

बार्बराची कथा सांगते की तिच्या बापाने तिला बुरुजात कोंडलं. बुरुजाला दोन खिडक्या ठेवायच्या होत्या, तिने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी तीन करून घेतल्या. शेवटी बापानेच तिचं डोकं उडवलं आणि लगेच त्याच्यावर वीज पडली. म्हणून दुसरे चित्रकार तिच्या हातावर खेळण्याएवढा बुरूज ठेवतात, एखाद्या देवघरातल्या वस्तूसारखा. तीन खिडक्या मोजल्या की काम झालं. व्हॅन आइकने काय केलं? त्याने तो बुरूज तिच्या मागे खराखुरा उभा केला, आणि तोही अजून बांधून व्हायचा आहे असा. पायथ्याशी छपराखाली पाथरवट दगड घडवताहेत, कोणी ओझी वाहताहेत, माथ्यावर गवंडी आहेत आणि दगड वर ओढायची यारी आहे. हा बुरूज कथेतला तिसऱ्या शतकातला नाही. व्हॅन आइकच्या आयुष्यात ठिकठिकाणी जी कॅथेड्रलं पिढ्यान्‌पिढ्या बांधली जात होती, त्यांच्यासारखा आहे. आणि बार्बरा पुढे जमिनीवर बसली आहे, झग्याच्या घड्या चौफेर पसरलेल्या, एका हातात हुतात्म्याची खजुराची झावळी, मांडीवर ग्रंथ. मागे तिचा तुरुंग बांधला जातोय आणि ती पानं उलटतेय. ओळख पटवण्यासाठी एवढ्या पाथरवटांची काही गरज नव्हती. ओळख पटल्यानंतर चित्रकाराला जे म्हणायचं होतं, ते त्या पाथरवटांत आहे.

जाता जाता: बार्बराच्या हातात कधीकधी बुरुजाऐवजी पवित्र प्याला आणि त्यावर तरंगणारी गोल भाकर असते. ती भाकर मरणाआधीच्या शेवटच्या संस्कारात देतात, आणि बार्बराची भक्ती करणाऱ्याला त्या संस्काराविना मरण येत नाही, अशी श्रद्धा होती. विजेच्या कथेमुळे पुढे ती तोफखान्याची आणि खाणकामगारांची संत झाली.

बुरुजाबद्दल म्हटलं ते जवळजवळ प्रत्येक वस्तूला लागू होतं. तिच्यात कथेचा काळ असतो आणि ती काढणाऱ्याचाही. जेरोम ४२० साली वारला. त्याच्या डोक्यावर किंवा भिंतीवरच्या खुंटीला जी कार्डिनलची, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्याची, लाल टोपी असते, ती टोपी पोपने कार्डिनलांना दिली १२४५ मध्ये. जर्मन चित्रकार ड्यूररने विशीत असताना, १४९२ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये जेरोमच्या पत्रांच्या पुस्तकासाठी ठसा केला, त्यातही जेरोम ती टोपी घालूनच सिंहाच्या पंज्यातला काटा काढतोय. त्या ठशाची मूळ लाकडी फळी बाझेलमध्ये अजून जपलेली आहे आणि तिच्या मागे ड्यूररचं नाव आहे. टोपी म्हणजे चूक, असं म्हणून पुढे जाऊ नका. चिलखताची घडण, टोपीचा आकार, बुटांचं टोक यांवरूनच चित्र कोणत्या दशकातलं ते ठरवता येतं.

थोमाची वस्तू तर थेट आपल्या देशाशी जोडलेली आहे. बारा प्रेषितांच्या रांगेत कोणाच्या हातात करवत, कोणाच्या हातात कापड बडवणाऱ्याचं धोपाटणं. थोमाच्या हातात एक तर भाला असतो, नाही तर गुण्या. आपल्याकडचा गवंडी किंवा सुतार काटकोन बघायला वापरतो तोच गुण्या. जुन्या कथेत थोमाला भारतातल्या गोंडोफारेस राजासाठी महाल बांधायला आणलं जातं. तो मिळालेले पैसे गरिबांना वाटून टाकतो आणि राजाला सांगतो, तुझा महाल स्वर्गात बांधून झालाय. गोंडोफारेस नावाचा राजा खरोखर पहिल्या शतकात वायव्येकडे राज्य करत होता, त्याची नाणी सापडलेली आहेत. भाला म्हणजे परंपरेप्रमाणे आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला आलेला थोमाचा मृत्यू. भारत कधी न पाहिलेला जर्मन चित्रकार थोमाच्या हातात गुण्या देत होता तेव्हा तो नकळत आपल्याकडची गोष्ट काढत होता, ही कल्पना मला अजून हलवून जाते.

या चित्रकारांना या कथा कुठून मिळत? बऱ्याचशा याकोबुस दे वोराजिने या धर्मोपदेशकाने तेराव्या शतकात रचलेल्या ‘लेजेंडा ऑरिया’ या संतचरित्रांच्या संग्रहातून. त्याच्या हजारेक हस्तलिखित प्रती अजून शिल्लक आहेत, यावरून तो केवढा पसरला असेल बघा. कोणताही संत अडला तर मी आधी तिथेच जाते, यादीकडे नंतर. मात्र चित्रकार दर वेळी ग्रंथ उघडून बसत नसत. त्यांच्याकडे नमुन्यांच्या वह्या असत. व्हिएन्नात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची अशी एक आहे, चामड्याच्या पेटीत मावणारी, तिच्यात संतांची आणि प्राण्यांची डोकी ओळीने काढलेली. गावोगाव काम शोधत फिरणाऱ्याने गिऱ्हाइकापुढे उघडून दाखवावी अशी.

तुम्ही स्वतः रेखाटन शिकता म्हणून साहित्याविषयी थोडं. त्या काळी हाडांची राख आणि सरस यांचा लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या तारेने रेघा ओढत. रेघ आधी करडी उमटते, मग हवेने तपकिरी होते, आणि खोडता येत नाही. दुसरी रीत शाईची: मायफळ आणि हिराकस यांची. हो, बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. ही शाईही जुनी होऊन तपकिरी पडते, पण दर वेळी केलेल्या शाईची छटा थोडी वेगळी. म्हणून अस्सल चित्र हाती आलं तर संताच्या अंगाची शाई आणि वस्तूची शाई एकाच छटेची आहे का, ते भिंगाखाली बघायचं. नुसत्या अनाम स्त्रीच्या हाती मागाहून बुरूज देऊन तिची बार्बरा केलेली मी पाहिली आहे. ती रेघ घाबरत काढलेली असते. मूळ हाताचा वेग तिच्यात नसतो.

कॅथरिनकडे परत येते, कारण तिचं चाक तुम्हाला कोकणपट्टीतही भेटेल. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकलं ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आणि तो दिवस कॅथरिनच्या सणाचा. म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्या नावाने आहे आणि मुख्य वेदीच्या सोनेरी कोरीवकामात तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत. पोर्तुगीजांनी आपल्या भारतातल्या राज्याच्या चिन्हातही तिचं चाक घातलं. म्हणजे छळाचं यंत्र आधी साध्वीची खूण झालं, आणि मग विजेत्यांचा शिक्का. गोव्याला गेलात तर वेदीसमोर वेळ काढून उभे राहा आणि तुमच्या पानावरची धाव तिथल्या धावेशी ताडून पाहा.

तुमच्या फोटोत एक गोष्ट मला नीट दिसत नाही. पुस्तक धरलेल्या डाव्या हाताच्या बोटात काही काढलंय का, ते भिंगाने बघा. अंगठी असेल तर ती बालयेशूने दर्शनात तिला आपली वधू मानून दिलेली, गूढ विवाहाची अंगठी असणार, आणि मग हे पान एखाद्या मोठ्या रचनेसाठी केलेला कच्चा आराखडा असायची शक्यता वाढते. पुस्तकात चित्राच्या मागच्या बाजूचाही फोटो छापलेला असेल तर तोही पाठवा. जुन्या कागदाच्या पाठीवर कोणीतरी नाव लिहून ठेवलेलं असतं, आणि ते नेहमी बरोबर असतंच असं नाही.